एमआरआयवर मेंदूचा रक्तप्रवाह मोजताना: नवख्यांसाठी

शिकाऊ होतो तेव्हा माझ्या वाट्याला आलेला रक्तप्रवाहाचा पहिला नकाशा जवळपास सगळा निळा होता. पेशंट 78 वर्षांचे आजोबा, हृदय अशक्त. मी बिनदिक्कत लिहून टाकलं, 'दोन्ही गोलार्धांत रक्तपुरवठा लक्षणीय कमी.' वरिष्ठांनी रिपोर्ट वाचला, कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरावर, कर्सर ठेवला, आकडा बघितला. 16. मग मला विचारलं, "आजोबा टेबलावरून उतरले कसे?"

"स्वतःच उतरले, सर."

"काही बोलत होते?"

"चष्मा कुठे ठेवलाय, ते विचारत होते."

"मग हा आकडा खोटा आहे."

तो का खोटा होता हे कळलं की या विषयाचा अर्धा अभ्यास झाला. मेंदूचा रक्तप्रवाह, म्हणजे सीबीएफ, आपण 100 ग्रॅम ऊतीमागे दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त पोहोचतं यावर मोजतो. निरोगी प्रौढाची संपूर्ण मेंदूची सरासरी 50 च्या आसपास असते. सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी 1940 च्या दशकात माणसांना नायट्रस ऑक्साइड हुंगायला देऊन, धमनीतलं आणि शिरेतलं रक्त तपासून, तरुणांत 54 हा आकडा काढला होता. तो आजही जवळपास टिकून आहे. ग्रे मॅटरमध्ये हा आकडा सरासरीपेक्षा बराच वर असतो, व्हाइट मॅटरमध्ये 20 ते 25. कॉर्टेक्समध्ये तो 20 च्या खाली गेला की पेशी काम थांबवतात, 10 च्या आसपास गेला की मरायला लागतात. ज्याच्या सगळ्या कॉर्टेक्सला 16 मिळतंय, तो चष्मा शोधत नाही.

मशीन रक्तप्रवाह थेट मोजत नाही. ते सिग्नलमधला फरक मोजतं आणि काही गोष्टी गृहीत धरून त्याचा आकडा बनवतं. रंग चढतात ते त्यानंतर. आपलं काम गृहीतकं तपासण्याचं आहे, म्हणून या लेखातली बरीचशी जागा नकाशा तयार होण्याआधीच्या पायऱ्यांना दिली आहे.

पहिली पायरी: प्रश्न काय आहे?

रेफरलवर नुसतं 'परफ्यूजन' (ऊतीचा रक्तपुरवठा) लिहिलेलं असेल तर आधी फोन करा. गाठीचा दर्जा किंवा गाठ परत आली का हे बघायचं असेल, तर कॉन्ट्रास्ट देऊन केलेली डीएससी. हातचा वेळ सुटत चाललेला पक्षाघात असेल तरी बहुतेक ठिकाणी डीएससीच. लहान मूल, किडनी खराब असलेला पेशंट, गरोदर स्त्री, वारंवार तपासणी लागणारा पेशंट, किंवा 'नक्की किती' असा आकडाच हवा असेल, तर सुईविना होणारी एएसएल. डीसीई नावाची तिसरी पद्धत आहे, पण ती मुख्यतः रक्तवाहिन्यांची गळती मोजते; सुरुवातीला ती बाजूला ठेवली तरी चालेल.

दुसरी पायरी: पेशंट

हे सगळे घाईत उरकतात, आणि फसगत नेमकी इथूनच सुरू होते. रक्तप्रवाह स्थिर नसतो. श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या धमन्या आकसतात आणि आकडा खाली येतो. घाबरलेला पेशंट आणि शांत पेशंट यांच्या आकड्यांत दिसण्याजोगा फरक पडतो, त्यामुळे टेबलावर झोपवल्यावर दोन मिनिटं त्याच्याशी बोलणं हा तपासणीचाच भाग समजा. कॅफीन धमन्या आकसवतं; दोन कप कॉफीइतक्या कॅफीननेही सीबीएफ पाचव्या-चौथ्या हिश्श्याने उतरू शकतो. कधी घेतलं ते विचारा आणि लिहून ठेवा. डोळे उघडे की मिटलेले, तेही ठरवा, कारण उघडे असले तर मागच्या दृष्टिक्षेत्रातला प्रवाह वाढतो. पुढच्या वेळी तुलना करायची तर दोन्ही वेळा सारखंच हवं.

हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट मागवून ठेवा. रक्त पातळ असेल तर प्रवाह खरोखरच वाढलेला असतो, आणि वर एएसएलमध्ये गणिताचीही चूक होते. ती कशी, ते पुढे येईल. लहान मुलांचा प्रवाह प्रौढांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून सहा वर्षांच्या मुलाचा लालभडक नकाशा बघून घाबरू नका.

तिसरी पायरी: एएसएल

कल्पना देखणी आहे. बाहेरून रंग टोचण्याऐवजी मानेतून वर चाललेल्या रक्तातल्या पाण्यालाच रेडिओ-लहरींनी उलटं चुंबकित करायचं, म्हणजे त्याच्यावर खूण करायची. खूण केलेलं रक्त मेंदूत पोहोचेपर्यंत थांबायचं आणि फोटो घ्यायचा. मग खूण न करता दुसरा फोटो. दोन्हींची वजाबाकी म्हणजे पोहोचलेलं रक्त. जॉन डेट्रे आणि सहकाऱ्यांनी 1992 साली उंदरांच्या मेंदूवर हे करून दाखवलं.

अडचण अशी की हा फरक एक टक्क्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी असतो. म्हणून तीस-चाळीस जोड्या घेऊन सरासरी काढावी लागते. त्यात चार-पाच मिनिटं जातात. पेशंटने मध्येच डोकं हलवलं तर डोकं हलल्याचा फरक रक्ताच्या फरकाला गिळून टाकतो. कवटीच्या कडेने गोल चमकदार पट्टा दिसला की हालचाल झाली असं समजा.

खूण फार टिकत नाही, हा दुसरा घोर. ती पुसण्याचा वेग टी-वन या काळावरून कळतो: 3 टेस्ला मशीनवर रक्ताचा टी-वन सुमारे 1.65 सेकंद, 1.5 टेस्लावर 1.35 सेकंद. म्हणजे थांबलात तर खूण पुसत जाते, आणि न थांबलात तर रक्त अजून वाटेतच असतं. खूण करून झाल्यापासून फोटोपर्यंतच्या या थांबण्याला पोस्ट-लेबलिंग डिले, पीएलडी, म्हणतात. 2015 साली छापलेल्या एकमताच्या शिफारशी सुरुवातीसाठी पुरेशा आहेत: सूडो-कंटिन्युअस लेबलिंग (छोट्या पल्सच्या रांगेने खूण करणं), ते 1800 मिलिसेकंद चालू ठेवायचं, पीएलडी मुलांना 1500, सत्तरीच्या आतल्या निरोगी माणसाला 1800, सत्तरीपुढच्यांना आणि प्रौढ रुग्णांना 2000. त्याच्या जोडीला पार्श्वभूमीचा सिग्नल दाबणारे पल्स आणि त्रिमितीय वाचन.

आजोबांच्या वेळी मशीनवर मुलांचाच प्रोटोकॉल चुकून तसाच चालू राहिला होता, पीएलडी 1500. दुबळं हृदय, वय झालेल्या धमन्या. खूण केलेलं रक्त कॉर्टेक्सपर्यंत आलंच नव्हतं. ते धमन्यांतच अडकून चमकत होतं. नकाशावर निळ्या पार्श्वभूमीत सापासारख्या वळणाच्या चार-दोन लाल रेघा होत्या, आणि मी त्या 'नॉइज' समजून सोडून दिल्या होत्या. याला धमनी-संक्रमणाचा दोष म्हणतात. तो दिसला की आकडा लिहायचा नाही. 'रक्त उशिरा पोहोचतंय' एवढंच म्हणता येतं, आणि अरुंद झालेल्या कॅरोटिडच्या पेशंटमध्ये ती माहितीही मोलाची असते. जमलं तर पीएलडी वाढवून मालिका पुन्हा घ्या, किंवा सोय असेल तर एकाच वेळी अनेक पीएलडी वापरा.

खूण करण्याची पातळी मानेत कुठे ठेवायची, हे टेक्निशियनच्या हातात असतं. इंटर्नल कॅरोटिड आणि व्हर्टिब्रल धमन्या जिथे सरळ वर जातात तिथे, त्यांना काटकोनात. चटकन घेतलेली गळ्याची अँजिओग्राफी समोर असेल तर अंदाजाने ठेवावी लागत नाही. वळणावर पातळी आली, किंवा शेजारी स्टेंट किंवा दातांचं धातूकाम असलं, तर त्या धमनीची खूण नीट होत नाही आणि तिचा अख्खा प्रदेश निळा दिसतो. धमनीच्या प्रदेशाशी तंतोतंत जुळणारी निळाई, आणि अँजिओग्राफीत मात्र धमनी मोकळी, अशी जोडी दिसली की पेशंटला आजार चिकटवण्याआधी पातळी तपासा.

आकडा बनतो कसा

हे एकदा कागदावर करून बघा, मग सॉफ्टवेअरचा धाक जातो. वजाबाकीचा सिग्नल भागिले एम-शून्य प्रतिमेचा सिग्नल, हे गुणोत्तर हातात घ्या. एम-शून्य म्हणजे खूण आणि दाबणारे पल्स न वापरता, लांब टीआर (दोन प्रतिमांमधला वेळ) ठेवून घेतलेली साधी प्रतिमा. ती घ्यायला विसरलात तर आकडा मिळत नाही, नुसतं कमी-जास्त दिसतं. या गुणोत्तराला ज्या अंकाने गुणायचं, तो पाच गोष्टींवर ठरतो: रक्त आणि ऊतीतलं पाण्याचं वाटप 0.9, खूण करण्याची कार्यक्षमता 0.85, रक्ताचा टी-वन, लेबलिंगचा काळ आणि पीएलडी. 3 टेस्ला, 1800 लेबलिंग आणि 1800 पीएलडी घेतलं तर तो अंक साधारण 8630 येतो. गुणोत्तर 0.007 असेल तर 0.007 गुणिले 8630, म्हणजे सुमारे 60. कॉर्टेक्सला शोभणारा आकडा.

आता पीएलडी 2000 करा. गुणायचा अंक 9740 च्या घरात जातो, कारण खूण जास्त पुसली आहे आणि ती भरून काढायची आहे. समजा मशीनवर 2000 ठेवलं, पण प्रोसेसिंगच्या खिडकीत जुनं 1800 तसंच राहिलं. प्रत्येक आकडा सुमारे 11 टक्के कमी निघेल आणि नकाशा मात्र सुबक दिसेल. अशी चूक डोळ्यांना दिसत नाही. प्रोटोकॉल बदलला की ती खिडकीही उघडून बघा, एवढाच त्यावर उपाय.

हिमोग्लोबिनचा मुद्दा इथेच येतो. रक्त पातळ असलं की त्याचा टी-वन लांबतो, म्हणजे खूण कमी पुसते, पण सॉफ्टवेअर मात्र 1.65 धरून जास्त पुसली असं समजतं आणि आकडा फुगवतं. तीव्र ॲनिमियाच्या पेशंटचा 90 आकडा दोन्ही कारणांनी वाढलेला असतो: काही खरं, काही गणितातलं.

शंका आली तर ताळा करायची स्वस्त सोय आहे, फेज-कॉन्ट्रास्ट. मानेत दोन्ही कॅरोटिड आणि दोन्ही व्हर्टिब्रलमधून मिनिटाला किती रक्त जातं ते मोजा. एका मिनिटाच्या आसपास काम होतं. चारही मिळून 650 मिलिलिटर आणि मेंदू 1300 ग्रॅम असेल, तर सरासरी 50. एएसएलची सरासरी 28 येत असेल तर दोहोंपैकी एकाचा हिशेब चुकलाय, आणि मी तरी आधी एएसएलवरच संशय घेतो.

चौथी पायरी: डीएससी

इथे गॅडोलिनियमचा एकच जोरकस झोत मेंदूतून जाताना सिग्नल खाली पडतो आणि पुन्हा वर येतो, आणि आपण तो खड्डा मोजतो. झोत आखूड आणि घट्ट हवा. म्हणून कोपराच्या पुढच्या शिरेत 18 किंवा 20 गेजची कॅन्युला, इंजेक्टरने सेकंदाला 4 ते 5 मिलिलिटर, किलोमागे 0.1 मिलिमोल, आणि मागोमाग त्याच वेगाने 20 मिलिलिटर सलाईन. हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेतून हे होत नाही. झोत पसरट होतो आणि आकडे बिघडतात. टीआर दीड सेकंद किंवा कमी, एकूण साधारण दोन मिनिटं. इंजेक्शनच्या आधी दहा-बारा प्रतिमा कोऱ्या घ्या. ही सपाट बेसलाइन नसेल तर पुढचा सगळा हिशेब हवेत.

कॉन्ट्रास्ट देण्याआधी किडनीचा आकडा बघा. ईजीएफआर 30 च्या खाली असेल तर जुन्या रेषीय रचनेची औषधं टाळायचीच, कारण त्यांच्यामुळे त्वचा आणि अवयव घट्ट करणारा आजार होऊ शकतो. वलयाकार रचनेच्या औषधांत तो धोका फारच कमी.

मालिका संपली की पेशंटला टेबलावरून उतरवण्याआधी कॉर्टेक्सवर कर्सर ठेवून आलेख बघा. सपाट, मग खोल दरी, मग वर येऊन जवळपास जुन्या पातळीवर. दरी दिसली नाही तर कॅन्युला बाहेर गेली असेल किंवा इंजेक्टर आणि स्कॅनचा मेळ बसला नसेल. आलेख करवतीसारखा असेल तर पेशंट हललाय.

मग सॉफ्टवेअर एक धमनी निवडतं आणि तिच्या आलेखाशी ऊतीचा आलेख ताडून सीबीएफ, सीबीव्ही (रक्ताचं आकारमान), एमटीटी (सरासरी मुक्काम) आणि टीमॅक्स (रक्त पोहोचायला लागलेला उशीर) काढतं. पहिले तीन लक्षात ठेवायला एकच नातं पुरतं: रक्ताचं आकारमान भागिले प्रवाह म्हणजे रक्ताचा तिथला सरासरी मुक्काम. धमनी निवडली गेली ती जागा स्वतः बघा. बंद पडलेल्या बाजूची किंवा अर्धी व्हाइट मॅटरमध्ये पडलेली धमनी निवडलेली मी बऱ्याचदा पाहिली आहे. शिवाय डीएससीचा सीबीएफ बहुतेक वेळा सापेक्ष असतो. 'उजवीकडे डावीच्या 60 टक्के' म्हणता येतं, '32' म्हणणं धाडसाचं.

गाठीत एक खाच आहे. रक्त-मेंदू अडसर फुटलेला असतो, औषध ऊतीत गळतं, आलेखाची शेपटी बेसलाइनच्या वर निघून जाते आणि सीबीव्ही खोटा कमी येतो. उपाय दोन: झोताच्या आधी थोडा किंवा पूर्ण डोस देऊन ऊती भिजवून घेणं, आणि सॉफ्टवेअरमधली गळतीची दुरुस्ती चालू ठेवणं. कमी फ्लिप अँगल, 30 अंशांच्या आसपास, ठेवला तर आधीच्या डोसशिवायही भागतं.

पाचवी पायरी: वाचन

माझा क्रम असा. आधी साधे टी-टू आणि डिफ्यूजन. मग अँजिओग्राफी. मग परफ्यूजनची कच्ची मालिका चलचित्रासारखी चालवून. मग आलेख किंवा वजाबाकीची प्रतिमा. शेवटी रंगीत नकाशा, आणि तोही करड्या छटेत एकदा. रंगपट्टीची वरची आणि खालची हद्द बघितल्याशिवाय लाल-निळ्याला अर्थ नसतो. तोच मेंदू 0 ते 60 च्या पट्टीवर लाल आणि 0 ते 120 च्या पट्टीवर हिरवट दिसतो.

पक्षाघातात टीमॅक्स 6 सेकंदांच्या पुढचा भाग म्हणजे धोक्यात आलेली ऊती, आणि डिफ्यूजनवर एडीसी (ऊतीतल्या पाण्याची हालचाल दाखवणारा आकडा) 620 च्या खाली गेलेला भाग म्हणजे बहुधा मेलेला गाभा. डिफ्यूज 3 या 2018 साली छापलेल्या चाचणीने 6 ते 16 तासांच्या पेशंटसाठी गाभा 70 मिलिलिटरपेक्षा कमी, दोहोंचं गुणोत्तर किमान 1.8 आणि फरक किमान 15 मिलिलिटर अशा मर्यादा वापरल्या. पण जुन्या, हळूहळू बंद झालेल्या कॅरोटिडच्या बाजूलाही टीमॅक्स लांबतो, आणि तिथे काहीच मरत नसतं. अँजिओग्राफी आधी बघायची ती यासाठी.

उलट प्रकारही असतो. पक्षाघाताची लक्षणं घेऊन आलेल्या पेशंटच्या त्या बाजूचा प्रवाह वाढलेला दिसला, आणि तो भाग कोणत्याही एका धमनीच्या प्रदेशात बसत नसला, तर फिट (अपस्माराचा झटका) येऊन गेलीय का ते विचारा. पक्षाघातानंतर धमनी पुन्हा उघडली तरीही प्रवाह गरजेपेक्षा जास्त होतो. निल्स लासेन यांनी 1966 साली त्याला चैनीचा रक्तपुरवठा म्हटलं, आणि हे नाव मला फार आवडतं.

गाठीत विरुद्ध बाजूच्या सामान्य व्हाइट मॅटरच्या तुलनेत सीबीव्ही किती पट, ते बघतात. ग्लायोमामध्ये 1.75 ही जुनी सीमारेषा प्रसिद्ध आहे, पण ऑलिगोडेंड्रोग्लायोमा कमी दर्जाचा असूनही ती ओलांडतो, म्हणून या आकड्यावर एकट्याने विसंबू नका. रेडिएशननंतर वाढलेल्या चमकीत सीबीव्ही कमी असेल तर ऊती मेल्याची शक्यता, जास्त असेल तर गाठ परतल्याची. प्रत्यक्षात दोन्ही मिसळलेलं असतं.

एएसएलमध्ये एक खूण मात्र सोन्यासारखी आहे. खूण केलेलं पाणी केशवाहिन्यांतून ऊतीत शिरतं, त्यामुळे शिरांत ते जवळपास पोहोचतच नाही. शीर किंवा ड्यूरल सायनस चमकत असेल तर रक्त ऊती चुकवून थेट आलंय; धमनी-शीर जोड शोधा. साध्या एमआरआयवर काहीच नसलेली ड्यूरल फिस्च्युला मी अशी पकडली आहे.

विस्मृतीच्या आजारात मागचा सिंग्युलेट, प्रीक्युनियस आणि बाजूच्या पॅरायटल भागात घट दिसली तर अल्झायमरकडे, कपाळामागे दिसली तर फ्रंटोटेम्पोरलकडे झुकाव. आधी वयानुसार होणारी घट आणि कॉर्टेक्सची झीज वजा करा. पातळ झालेल्या कॉर्टेक्सचा प्रवाह कमी दिसतोच.

कॅरोटिड अरुंद असलेल्या किंवा मोयामोयाच्या (मेंदूच्या तळच्या धमन्या हळूहळू बंद होणारा आजार) पेशंटमध्ये एका वेळच्या आकड्यापेक्षा राखीव ताकद महत्त्वाची. त्यासाठी एएसएल घ्यायची, मग 1 ग्रॅम ॲसिटाझोलामाइड शिरेतून, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा एएसएल. चांगल्या धमन्या उघडतात आणि प्रवाह वाढतो. जिथे वाढत नाही तिथे धमन्या आधीच ताणल्यात. आणि जिथे आधीपेक्षा कमी होतो तिथलं रक्त शेजाऱ्यांनी पळवलंय, तो प्रदेश सर्वांत नाजूक. सल्फा औषधांची ॲलर्जी आधी विचारा, हातपाय आणि तोंडाभोवती मुंग्या येतील हे सांगून ठेवा.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

पद्धत, टेस्ला, लेबलिंगचा काळ आणि पीएलडी, किंवा डोस आणि इंजेक्शनचा वेग. हालचाल झाली का. हिमोग्लोबिन. मग निष्कर्ष, आणि त्यात 'कमी प्रवाह' आणि 'उशिरा पोहोचणारा प्रवाह' वेगळे. आजोबांची मालिका पीएलडी 2500 ठेवून पुन्हा घेतली तेव्हा सापांसारख्या रेघा जवळजवळ गेल्या, कॉर्टेक्सचा आकडा 44 आला, आणि माझा रिपोर्ट असा बदलला: 'प्रवाह वयाच्या मानाने समाधानकारक, रक्त पोहोचायला दोन्ही बाजूंना उशीर, हृदयाच्या कार्याशी ताडून पाहावा.' एम-शून्य प्रतिमा आणि कच्च्या जोड्याही साठवून ठेवल्या. वर्षभराने ते परत आले तेव्हा मशीनचं सॉफ्टवेअर बदललं होतं, आणि दोन्ही मालिका नव्याने एकाच पद्धतीने मोजता आल्या त्या एवढ्यामुळेच.